माल दुसऱ्याचा, दुकान आपलं: मग कमिशन किती ठेवायचं?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. नोकरी सांभाळून कपड्यांचं ऑनलाइन दुकान काढायचंय, पण माल भरायचा नाही. येवल्याचे एक पैठणीवाले, उल्हासनगरचे एक कुर्ती शिवून देणारे आणि सुरतचे एक साड्यांचे होलसेलर तयार झालेत. ऑर्डर ताईंच्या वेबसाइटवर येणार, पार्सल थेट त्यांच्याकडून निघणार. कमिशन १५ टक्के ठेवू की २०? एकजण ३० म्हणाला, तेव्हा पुरवठादार पळून जातील अशी भीती वाटली. सगळ्यांना एकच दर लावू का? आणि लेखी करार हवाच का, की तोंडी चालेल?

ताई, मी पुण्यातून नऊ वर्षं हाच धंदा करते. पहिल्या वर्षी मीही हाच प्रश्न विचारत फिरले. कुणीतरी २० सांगितलं, मी सगळ्यांना २० लावलं आणि आठ महिने दर ऑर्डरमागे पदरचे पैसे घालत होते. ते कळायलाही आठ महिने लागले, कारण बँकेत पैसे येताना दिसत होते. ते पुरवठादारांचे होते, माझे नव्हते, एवढंच.

म्हणून तुमचा प्रश्न आधी जरा फिरवून घेते. खरा प्रश्न दोन गोष्टींचा आहे. गिऱ्हाइकाने ठेवून घेतलेल्या एका कपड्यामागे तुमचे किती रुपये खर्च होतात? आणि परत आलेल्या पार्सलचा खर्च कुणी सोसायचा? ही दोन उत्तरं आली की टक्का आपोआप निघतो. ती नसतील तर १५ काय आणि ३० काय, अंदाजपंचे आहे.

माझ्या वडिलांचं इचलकरंजीला कापडाचं दुकान होतं. त्यांच्या बोलण्यात दोन शब्द नेहमी असायचे, अडत आणि जांगड. अडत्या सौदा जुळवून द्यायचा आणि थोडी दलाली घ्यायचा. माल नेणं, उधारी, परत येणं, यातलं काही त्याच्या अंगावर नसे. जांगड माल म्हणजे पसंतीवर आणलेला. विकला तर पैसे, नाही तर परत. आपण कमिशन हा शब्द वापरतो म्हणून स्वतःला अडत्या समजतो आणि अडत्यासारखा बारका टक्का मागतो. पण जाहिरात तुम्ही करणार, फोटो तुम्ही काढणार, गिऱ्हाइकाचा रात्री साडेदहाचा फोन तुम्ही घेणार, कुरिअर तुमच्या खात्यावरून जाणार. हे काम दुकानदाराचं आहे. फक्त गोदाम दुसऱ्याच्या घरात आहे.

आता हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमचे वेगळे येतील, पण रकाने हेच राहतील. समजा ७९९ रुपयांची कुर्ती आहे, डिलिव्हरी फुकट. शिवलेल्या कपड्यावर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ७९९ मधली कराआधीची किंमत ७६१ रुपये. कमिशन नेहमी या ७६१ वर मोजा. ७९९ वर मोजलंत तर सरकारच्या पैशांवरही कमिशन घेतल्यासारखं होतं आणि पुरवठादार कधीतरी बोट ठेवतोच.

शंभर ऑर्डर आल्या. ४० जणांनी आधी पैसे भरले, ६० कॅश ऑन डिलिव्हरी. त्या ६० पैकी १५ पार्सलं न स्वीकारताच परत आली. कुणी फोन उचलत नाही, कुणी म्हणतं मुलाने चुकून ऑर्डर टाकली. कुरिअरवाले याला आरटीओ म्हणतात. गाडीच्या लायसनशी त्याचा काही संबंध नाही. पोचलेल्या ८५ पैकी दहा मापात बसल्या नाहीत म्हणून परत आल्या. राहिल्या ७५.

जायचं कुरिअर शंभर पार्सलांचं प्रत्येकी ६५ धरलं तर ६,५००. आरटीओचा परतीचा प्रवास १५ गुणिले ६५, म्हणजे ९७५. मापाच्या दहा परती घरून उचलून आणायला प्रत्येकी ८० प्रमाणे ८००. पैसे गोळा करण्याची फी कॅश ऑन डिलिव्हरीच्या पोचलेल्या ४५ पार्सलांवर प्रत्येकी ३५ प्रमाणे १,५७५. पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या कंपनीची) फी २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के, ४० ऑर्डरींचे साधारण ७५४. (यूपीआयवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं बँकेचं शुल्क, नाही हे खरं, पण गेटवे आपली फी लावतो. ती बोलून कमी करून घेता येते, बोलत जा.) पिशव्या, लेबलं शंभराला ८००. बेरीज ११,४०४. जाहिरातीला ऑर्डरमागे ८० रुपये गेले तर आणखी ८,०००. एकूण १९,४०४.

याला शंभरने भागू नका. सगळे इथेच चुकतात. भागायचं ७५ ने, कारण कमिशन तेवढ्यावरच मिळणार. एका टिकलेल्या कुर्तीमागे २५९ रुपये खर्च, आणि ७६१ चे २५९ म्हणजे ३४ टक्के. यात तुमच्या मेहनतीचा एक रुपयासुद्धा नाही. मला कुणी २० टक्के सांगितलं होतं ते कुठे गेलं, हे आता कळलं असेल.

आता हाच कागद ४,५०० च्या साडीसाठी मांडा. न शिवलेली साडी कापडात मोडते, म्हणून ५ टक्केच कर. कराआधीची किंमत ४,२८६. एवढ्या किमतीला कॅश ऑन डिलिव्हरी बंद ठेवा, सगळे पैसे आधी. शंभरातल्या सहा परत आल्या, ९४ राहिल्या. पेटीसकट वजन एक किलोच्या टप्प्यात जातं, म्हणून कुरिअर ९० धरू: ९,०००. परतीचे ११० प्रमाणे ६६०. गेटवेचे १०,६२०. पेटी आणि आतला मलमलचा कपडा ४० प्रमाणे ४,०००. जाहिरात ऑर्डरमागे अडीचशे, म्हणजे २५,०००. एकूण ४९,२८०, भागिले ९४: साडीमागे ५२४ रुपये. हे १२ टक्क्यांच्या जरा वर आहे. इथे २० टक्के लावलेत तर साडीमागे ३३३ रुपये तुमच्या हातात राहतात.

म्हणजे सगळ्यांना एकच दर लावू का, याचं उत्तर मिळालं. नको. पार्सल न्यायला लागणारा खर्च कपड्याच्या किमतीबरोबर फारसा बदलत नाही, टक्का मात्र किमतीवर चालतो. स्वस्त कपड्यावर टक्का जास्त लागतो आणि महागावर कमी पुरतो. पुरवठादारानुसार दर ठरवू नका, त्यावरून भांडणं होतात. किमतीच्या टप्प्यांनुसार ठरवा आणि तोच कागद तिघांनाही दाखवा.

माझे टप्पे सांगते, पण ते माझ्या परतीच्या प्रमाणावर बेतलेले आहेत, डोळे झाकून उचलू नका. हजारापर्यंत २८ टक्के. तेही केव्हा, तर डिलिव्हरीचे ६० रुपये गिऱ्हाइकाकडून वेगळे घेते आणि कॅश ऑन डिलिव्हरीला ५० जास्त लावते म्हणून. ते ५० रुपये मिळकतीसाठी नाहीत. त्यामुळे निम्मे लोक आधी पैसे भरतात आणि आरटीओ उतरतो. हजार ते अडीच हजार २२ टक्के, त्यापुढे सात हजारांपर्यंत १८, आणि त्यावर १२. शिवाय प्रत्येक टप्प्याला किमान रुपये लिहिलेले आहेत. पुरवठादाराने सेल लावला आणि ९९९ चा कपडा ५९९ ला आणला, तर २८ टक्क्यांत माझा खर्चसुद्धा निघत नाही. म्हणून करारात लिहिलंय: टक्का किंवा २०० रुपये, जे जास्त असेल ते.

तुमच्या येवल्याच्या पैठणीवाल्यांकडे २० टक्के मागूच नका. खऱ्या हातमागाच्या पैठणीला एका कारागिराचे कित्येक आठवडे जातात, विणकराच्या भावात तेवढी जागाच नसते. ते २० ला हो म्हणाले तर एक तर किंमत फुगवतील, नाही तर यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून देतील, आणि गिऱ्हाईक शिव्या तुम्हाला घालेल. १२,००० च्या साडीवर १२ टक्के म्हणजे कराआधीच्या ११,४२९ वर १,३७१ रुपये होतात. जाहिरात सांभाळून केलीत तर पुरतात. जास्त भीती परतीची आहे. साडी एक जाते आणि परत दुसरीच येते, हे माझ्याकडे दोनदा झालंय. तेव्हापासून सात हजारांवरच्या साडीच्या पदराला क्रमांकाचं सील लावतो आणि सील तुटलं असेल तर परत घेत नाही. हे साडीच्या पानावर, पैसे भरण्याआधी दिसेल असं लिहिलंय.

सुरतकरांचं गणित आणखी वेगळं. ते कॅटलॉगचा पूर्ण सेट विकतात, सहा-आठ साड्यांचा. तुम्हाला दाखवलेला भाव सेटचा असेल. सिंगल पीसचा भाव वेगळा विचारा आणि तो लिहून घ्या. आणखी एक, ते तुम्हाला कमिशन बहुधा देणारच नाहीत. आमचा भाव ५००, पुढे तुम्ही कितीही लावा, असं म्हणतील. इथे नवखी माणसं हमखास फसतात. ५०० वर २० टक्के चढवले की ६०० होतात, पण ६०० तले १०० म्हणजे पावणेसतरा टक्केच. विक्रीवर २० टक्के हवे असतील तर ६२५ ला विकावं लागतं, आणि ३० हवे असतील तर ७१४ ला. भागाकार करा, गुणाकार नको: ५०० भागिले ०.८०, ५०० भागिले ०.७०. कर त्यावर वेगळा.

हा भावाचा फरक फक्त गणितापुरता नाही, कायद्यातही आहे. गिऱ्हाइकाला बिल कुणाच्या नावाने जातं ते बघा. पुरवठादाराच्या नावाने गेलं तर विक्रेता तो, तुम्ही मंच. तुमच्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लावून तुम्ही त्याला बिल द्यायचं. मंच म्हणून निव्वळ विक्रीवर, म्हणजे परती वगळून, ०.५ टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशांतून सरकारकडे भरायचा जीएसटी, कापायचा (जुलै २०२४ पर्यंत हा दर १ होता) आणि दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत विवरण भरायचं. यासाठी तुमची जीएसटी नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते, उलाढालीची सूट नाही. प्राप्तिकराचा टीडीएस वेगळा, ०.१ टक्के, लहान वैयक्तिक विक्रेत्याला वर्षाला ५ लाखांपर्यंत पॅन किंवा आधार दिल्यावर तो लागत नाही. ही कापलेली रक्कम पुरवठादाराला त्याच्या खात्यात दिसते, ती त्याचीच असते. पण हे आधी सांगितलं नाहीत तर तो तिलाही कमिशनच समजतो. माझ्या उल्हासनगरच्या एका कुर्तीवाल्यांनी मला एकदा फोनवर चांगलं सुनावलं होतं, तुम्ही २२ बोललात आणि कापलेत जास्त. चूक माझीच होती. तेव्हापासून हिशेबाच्या कागदावर कमिशन, कमिशनवरचा जीएसटी, टीसीएस आणि टीडीएस असे चार वेगळे रकाने जातात.

बिल तुमच्या नावाने गेलं तर तुम्ही विक्रेत्या. मग टीसीएसची कटकट नाही, पण माल खराब निघाला तर ग्राहक कायद्यापुढे उभ्या तुम्ही. परराज्यात एक पार्सल पाठवायचं तरी नोंदणी हवी. माल स्वतः बनवणाऱ्या पुरवठादाराची सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदणी असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. माझा स्वतःचा कल असा: सुरतेच्या मालाला हा मार्ग, पैठणी आणि कुर्तीला मंचाचा मार्ग. दोन्ही एकाच दुकानात चालतात, फक्त वह्या वेगळ्या ठेवा. तुमच्या सीएला हा एक परिच्छेद वाचून दाखवा, तो पुढचं बघेल.

कुर्तीवाल्यांची जीएसटी नोंदणी आहे का, हेही विचारा. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेला लहान विक्रेताही ऑनलाइन मंचावर माल विकू शकतो, पण राज्याच्या आत आणि पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन. म्हणजे त्यांची कुर्ती नागपूरला जाईल, बेळगावला नाही. शिवाय अशा माणसाला तुमच्या कमिशनवरचा १८ टक्के जीएसटी वळता करून घेता येत नाही, तो त्याच्या खिशातून जातो. २८ टक्के कमिशन त्याला ३३ टक्क्यांच्या घरात पडतं. दर ठरवताना हे लक्षात असू द्या, त्याच्या घासाघिशीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

शिवलेल्या कपड्यांत एक गमतीची जागा आहे. कराआधी २,५०० पर्यंत ५ टक्के, त्यावर थेट १८. म्हणजे कर धरून २,६२५ ही एका बाजूची शेवटची किंमत आणि दुसऱ्या बाजूची सुरुवात साधारण २,९५० ला. मधल्या पट्ट्यात, समजा २,७९९ अशी किंमत लावलीत, तर ५ टक्क्यांनी काढली तर मूळ किंमत २,५०० च्या वर जाते आणि १८ ने काढली तर खाली येते. हिशेब कुठेच बसत नाही. मधल्या किमती लावूच नका. लेहंग्याला २,५९९ लावा नाही तर सरळ ३,२९९.

परतीचा खर्च कुणाचा, हे आता. माझा नियम साधा आहे. ज्याच्या हातून चूक झाली, त्याने सोसायची. चुकीचा रंग, उसवलेली शिलाई, डाग असेल तर जाण्यायेण्याचं कुरिअर पुरवठादाराकडे. गिऱ्हाइकाने पार्सलच घेतलं नाही तर माझ्याकडे, कारण गिऱ्हाईक मी आणलं होतं. मापाचं भांडण सगळ्यात जुनं. मापाचा तक्ता पुरवठादाराने दिला आणि कपडा तक्त्याप्रमाणे निघाला नाही, तर त्याच्याकडे. तक्त्याप्रमाणे निघूनही बसला नाही, तर माझ्याकडे. यासाठी मी पहिल्या मालातला एक एक नग मागवून स्वतः टेप लावते. छातीत एक इंच कमी निघाला तर पानावरचा तक्ता मीच बदलते. या एका सवयीने मापाच्या परती जेवढ्या उतरल्या, तेवढ्या दुसऱ्या कशाने उतरल्या नाहीत. आणि परत आलेल्या कपड्याला इस्त्री, नवी पिशवी लागते. त्याचे नगामागे २० रुपये मी पुरवठादाराला देते. रक्कम किरकोळ आहे, पण त्यामुळे तो पार्सल उघडून लगेच कळवतो.

तुम्ही विचारलं नाही, पण सगळ्यात जास्त मनस्ताप मला शिल्लक मालाने दिला. एका दिवाळीत वेबसाइटवर दिसत असलेल्या अकरा साड्या पुरवठादाराने दुकानाच्या काउंटरवर विकून टाकल्या होत्या. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, समोर रोख घेऊन गिऱ्हाईक उभं. पण अकरा बायकांना वसुबारसेला फोन करून साडी नाही हे सांगायला मी बसले होते, आणि जाहिरातीचे पैसे गेले ते गेलेच. दंड लावून बघितला, तर लोक माल द्यायचेच बंद झाले. मग वडिलांचं जांगड आठवलं. आता जो पुरवठादार प्रत्येक डिझाइनचे तीन नग महिनाभर माझ्या नावाने बाजूला ठेवतो, त्याला कमिशन २ टक्के कमी. महिन्याअखेरीस न विकलेले नग त्याचे मोकळे. दंडाने जे झालं नाही, ते या दोन टक्क्यांनी झालं.

तिघांपैकी कुणीतरी हमखास म्हणेल की मीशोवर तर कमिशन शून्य आहे. खरं आहे. मीशोने २०२१ मध्ये पुरवठादारांचं कमिशन बंद केलं आणि तिची कमाई मुख्यतः माल पोचवण्यातून आणि जाहिरातींतून होते. त्यांच्याशी वाद घालू नका. एवढंच विचारा, तिथे तीच कुर्ती तुम्ही किती रुपयांना विकता आणि जाहिरात, परती वगळून हातात काय राहतं? दोन्हीकडचा हातात पडणारा आकडा शेजारी शेजारी लिहा. माझ्याकडून जास्त पडत असेल तरच लोक टिकतात. पडत नसेल तर त्यांनी जावं हेच बरं. मात्र तीच कुर्ती त्याच फोटोने तिथे शंभर रुपये स्वस्त असेल तर तुमच्या दुकानात ती ठेवू नका. गिऱ्हाईक फोटोवरून शोधतं.

पैसे कधी द्यायचे? परतीची मुदत सात दिवसांची असेल तर पार्सल पोचल्यापासून दहाव्या दिवसानंतरच्या पहिल्या सोमवारी. आधी दिलेत तर परत आलेल्या कपड्याचे पैसे मागत फिरावं लागतं, आणि दिलेले पैसे मागणं किती अवघड असतं ते सांगायला नको. पण सोमवार म्हणजे सोमवार. मी एकदाही चुकवलेला नाही, आणि दर वाढवायची वेळ आली तेव्हा माझ्या बाजूने बोलायला तेवढंच होतं.

करार लेखीच करा. आमचा दोन पानांचा आहे, मराठीत, सुरतकरांसाठी हिंदीत. किमतीचे टप्पे आणि किमान रुपये, सूट दिली तर ती कुणाच्या वाट्यातून, परतीचे तीन प्रकार, बाजूला ठेवलेले नग, पैसे देण्याचा वार, आणि दर बदलायचा असेल तर ३० दिवस आधी कळवायचं. पहिले तीन महिने हे दर चाचणीचे आहेत, ही ओळही घाला. तुमचं आरटीओचं प्रमाण तोपर्यंत कुणालाच माहीत नसतं, तुम्हालाही नाही. नव्वद दिवसांनी वरचा शंभर ऑर्डरींचा कागद स्वतःच्या आकड्यांनी भरा आणि तो घेऊन तिघांकडे जा. येवल्याला मात्र फोनवर बोलू नका, नाशिकहून तासा-दोन तासांचा रस्ता आहे, समोर बसून बोला.